वेशीबाहेरचे संघराज्य

बाबासाहेबांचे लेखन आपण दोन फडताळांत वाटून ठेवले आहे. एकात जातीविषयीचे आणि धम्माविषयीचे ग्रंथ, दुसऱ्यात कायद्याचे कागद. पहिले वाचायचे, दुसऱ्यांना हार घालायचा. मार्च १९४७ मध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी लिहिलेले 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन या वाटणीत सापडले. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग तेवढा भाषणांतून येतो. बाकीची पाने कोणी उलटत नाही.

संघराज्य शिकवताना आपले प्राध्यापक केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्या पाठ करून घेतात. दिल्लीकडे काय, मुंबईकडे काय, एवढाच हिशेब. वेशीबाहेरच्या माणसाच्या पदरात या वाटणीतून काय पडते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. निवेदनाची सारी रचना मात्र याच प्रश्नाभोवती आहे. त्यात हक्क सांगून झाले की लगेच ते तुडवले गेल्यास उपाय काय, याचे कलम येते. हक्क कोण तुडवतो याविषयी लेखकाला भ्रम नाही. सरकार तुडवते, तसाच शेजारीही तुडवतो.

भेदभावाविरुद्धची कलमे लिहिताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. यातल्या १८७५ च्या कायद्याची कथा ध्यानात घ्यावी. खानावळी, नाटकगृहे, प्रवासाची वाहने काळ्या माणसाला खुली करणारी त्यातली कलमे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्द केली. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृतीला बांधते, खाजगी माणसाच्या कृत्यावर कायदा करण्याचा अधिकार ती केंद्राला देत नाही, असा तो निवाडा होता. सत्तेच्या वाटणीचे तत्त्व गुलामाच्या नातवाच्या तोंडावर दार लावण्याच्या कामी आले. तिथे मारला गेलेला कायदा बाबासाहेबांनी इथे थेट घटनेतच घालायला काढला! पुढे १९५० च्या घटनेतील कलम १५(२) आणि कलम १७ खाजगी माणसालाही बांधतात. अस्पृश्यता पाळण्याबद्दलच्या शिक्षेचा कायदा राज्यांनी नव्हे, संसदेनेच करावा, हे कलम ३५ सांगते. राज्यांच्या अधिकारातून एवढा तुकडा मुद्दाम काढून घेतलेला आहे. तो का काढला, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

सामाजिक बहिष्काराचे मात्र तसे झाले नाही. ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून निवेदनात बहिष्कार हा गुन्हा ठरवला होता. दळण बंद, मजुरी बंद, दुकान बंद. रक्त न सांडता माणूस संपवण्याचे हे हत्यार. घटनेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली नाही. अॅट्रॉसिटी कायद्याच्या दुरुस्तीने तो जानेवारी २०१६ पासून गुन्हा झाला, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र बहिष्कारविरोधी कायदा अंमलात यायला जुलै २०१७ उजाडले. निवेदनानंतर सत्तर वर्षे.

आणि तरीही फिर्याद लिहून घेणारा हात राज्याचाच. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था या राज्यसूचीतल्या पहिल्या दोन नोंदी. कायदा दिल्लीचा, ठाणे राज्याचे, आणि ठाण्यात ऊठबस कोणाची, हे गावात राहणाऱ्याला विचारावे. निवेदनात यावर नोकऱ्यांतील आणि मंत्रिमंडळातील हक्काच्या वाट्याचा उपाय आहे. तो मला अपुरा वाटतो. एकट्या दलित फौजदाराची बदली करायला कितीसा वेळ लागतो? केंद्रावरचा त्यातला विश्वासही जरा जास्तच आहे; दिल्लीत बसणारे काही वेगळ्या मातीचे नसतात.

या निवेदनातील स्वतंत्र वसाहतींची मागणी विद्वानांना सर्वांत अडचणीची वाटते. अव्यवहार्य, फुटीर म्हणून ती बाजूला सारली जाते. पण मसुद्याच्या तर्काने गेले तर वाचक तिथेच पोचतो. सत्ता वाटली म्हणजे व्यक्ती सुरक्षित, हे संघराज्याचे गृहीतक. गावात जमीन, पंच आणि पाटीलकी एकाच घरात असताना तिथे वाटणी कसली? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी गावाऐवजी व्यक्तीला घटकाचे स्थान दिल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते याच अनुभवातून. ग्रामस्वराज्याच्या भक्तांनी त्या भाषणाला नावे ठेवली. या निवेदनाला उत्तर द्यायला मात्र त्यांच्यापैकी फारसे कोणी पुढे आले नाही.