मनःस्वास्थ्याचें माप

ठाणें, मुंब्रा, कल्याण या टापूंतील मुसलमान विद्यार्थ्यांची धर्मनिष्ठा त्यांच्या मनःस्वास्थ्यास कितपत पोषक होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण उत्तर मोजावयाचें कशानें? अभ्यासक पुष्कळदां कॅरल रिफ या अमेरिकन विदुषींनीं १९८९ सालीं सिद्ध केलेली प्रश्नावली हातीं घेतात. त्या मापाचीच परीक्षा करावी असें आम्हांस वाटतें.

सुख म्हणजे केवळ आनंदी वाटणें नव्हे, असें बजावून रिफबाईंनीं मनःस्वास्थ्याचीं सहा अंगें सांगितलीं: आत्मस्वीकार, इतरांशीं सलोखा, स्वायत्तता, परिस्थितीवर प्रभुत्व, जीवनहेतु आणि आत्मविकास. ही मांडणी मोलाची आहे. हेतूला स्थान मिळाल्यामुळें धर्मालाही, मागल्या दारानें कां होईना, या शास्त्रांत प्रवेश मिळाला. परंतु मूळ परीक्षण झालें तें ३२१ अमेरिकन स्त्रीपुरुषांवर, आणि त्याची खूण मापावर राहिलीच. 'परिस्थितीवर प्रभुत्व' हेंच घ्या. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईंतून निघालेल्या कित्येक मुसलमान कुटुंबांनीं मुंब्र्यांत बिऱ्हाड केलें. अशा घरांतली मुलगी अपुऱ्या जागेंत अभ्यास करून, लोकलच्या गर्दींतून कॉलेजांत जात असेल, तर या रकान्यांत तिला गुण थोडे पडावयाचे. पण तें उणेपण तिच्या मनाचें कीं वस्तीचें? सब्र म्हणजे सोसून उभें राहणें, आणि तवक्कुल म्हणजे यत्न करून फळ ईश्वरावर सोपविणें. यांना तर त्या सहांत स्वतंत्र जागाच नाहीं.

या प्रश्नावलीशेजारीं इमाम गझालींचा 'कीमिया-ए-सआदत' ठेवून पाहावा. सौख्याची किमया सांगणारा हा फारसी ग्रंथ आत्मज्ञानापासून आरंभ करतो व मग ईश्वर, इहलोक आणि परलोक यांकडे वळतो. त्यामागें अनुभव होता. १०९५ सालीं बगदादच्या निझामिया विद्यापीठांत शिकवीत असतांना गझालींची वाचाच बंद पडली, अन्न जाईना, वैद्यांनीं हात टेकले, शेवटीं पद सोडून ते निघून गेले. त्या वेळीं कोणी ही प्रश्नावली पुढें केली असती, तर त्यांना जेमतेमच गुण मिळाले असते! एका दिवशीं भरलेल्या कागदावरून श्रद्धेनें मन सांवरलें कीं विस्कटलेल्या मनानें श्रद्धेकडे धांव घेतली, हें कळावें कसें?

याचा अर्थ वैद्यक नको असा मात्र कोणीं करूं नये. बल्खचे अबू झैद (मृत्यु ९३४) यांनीं देह व मन यांच्या आरोग्यावर एकाच ग्रंथांत लिहिलें, आणि ज्याचें कारण रोग्यास सांगतां येत नाहीं अशा खिन्नतेचें मूळ देहांत शोधून तिच्यावर देहाचेही उपचार सुचविले. उदास मुलाला 'तुझी नमाज कमी पडते' म्हणून वाटेस लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं तेवढा भाग अवश्य वाचावा.