आधी हात पाहावेत, मग चेहरा

जुन्या स्टुडिओतला फोटो पाहायचा असेल तर आधी हात पाहावेत आणि मग चेहरा. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरात जा नाहीतर बेळगावच्या शहापुरात, ओसरीवरची तसबीर सारखीच असते. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. आजोबांचा चेहरा गुळगुळीत, उजळ, कुठे सुरकुती नाही की खळगा नाही. आणि खुर्चीच्या हातावर विसावलेला पंजा मात्र काळसर, शिरा फुगलेला, पेरे झिजलेला. चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचा वाटावा इतके अंतर. कारण साधे आहे. रिटचरला पैसे चेहऱ्याचे मिळत, हातांचे नव्हेत. त्यामुळे हात जसे होते तसे राहिले, आणि आज आजोबांचा खरा रंग शोधायचा तर तो हातांतच सापडतो.

या रिटचिंगची आपल्याकडे कधी नीट चिकित्सा झाली नाही. चित्रकलेवर लिहिले गेले, सिनेमावर ढिगाने लिहिले गेले. पण ज्या कलेने घराघरातल्या भिंती भरल्या तिच्याबद्दल बोलायचे म्हणजे एकतर ‘काय हात होता हो त्या माणसाचा!’ असे कौतुक, नाहीतर ‘सगळे खोटे’ असा शेरा. दोन्ही मला अपुरे वाटतात. खोटे कुठे सुरू होते हे ठरवायचे, तर ते काम कसे चाले हे आधी पाहायला हवे.

रिटचरचे टेबल म्हणजे उतरती लाकडी चौकट, मध्ये दुधी काच, खाली आरसा. आरशाने खिडकीचा उजेड वर फेकायचा आणि त्या उजेडात निगेटिव्ह पाहायची. निगेटिव्हच्या गुळगुळीत अंगावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून टर्पेन्टाइनमध्ये डिंक विरघळवून केलेले ‘मीडियम’ बोटाने चोळायचे. मग सुईसारखी टोकदार शिसपेन्सिल घेऊन स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा भरत जायच्या. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची सावली तिथे पारदर्शक दिसते. तिच्यावर शिसे चढवले की छपाईत ती जागा उजळते. डोळ्यांखालचे काळे, गालावरचा खड्डा, कपाळावरची आठी अशीच बुजवली जाते. काचेची जुनी प्लेट तिरपी धरली तर या रेघा अजूनही चमकतात.

आता यातली गोम पाहा. पेन्सिलीने उजळ करता येते, काळे करता येत नाही. एखादी जागा गडद करायची तर धारदार पात्याने निगेटिव्हचा थर खरवडावा लागे, आणि हात किंचित घसरला की प्लेट गेली. म्हणजे गोरे करणे सोपे, स्वस्त आणि बिनधोक. सावळे करणे अवघड आणि जोखमीचे. गोरेपणाचे वेड समाजात होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वेडाला हत्यारही असे मिळाले, की ज्याला एकाच दिशेला चालता येत होते. आपल्या तसबिरी इतक्या एकसारख्या गोऱ्या का, याचे निम्मे उत्तर मला या पेन्सिलीत दिसते.

उरलेले उत्तर प्लेटमध्ये आहे, आणि तिथे रिटचरची बाजू घ्यावी लागते.

इंदूरचेच उदाहरण घेऊ. मेरठजवळच्या सरधन्यात 1844 साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून 1866 मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो इथेच, 1874 च्या सुमारास. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे सिकंदराबाद, मुंबई, निजामाने दिलेला ‘राजा’ हा किताब, हा सगळा इतिहास परिचित आहे. पण ज्या प्लेटांवर त्यांनी सुरुवात केली त्या लाल रंगाला आंधळ्या होत्या. त्या काळची प्लेट निळा उजेड तेवढा टिपत असे. निळे आकाश पांढरे पडे, लाल पागोटे काळे पडे. रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा-पिवळा उजेड दाखवता येतो हे फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले ते 1873 मध्ये. तशा प्लेटा बाजारात रुळायला पुढचे दशक उजाडले, आणि सगळे रंग टिपणारी पॅन्क्रोमॅटिक प्लेट 1906 मध्ये आली.

गव्हाळ किंवा सावळ्या कातडीचा जीव तांबूस-पिवळ्या छटेत असतो. प्लेटला नेमकी तीच दिसत नव्हती. त्यामुळे आपला माणूस फोटोत असायचा त्याहून काळा येई, आणि देवीचे वण, वांग, सुरकुत्या असायच्या त्याहून खोल दिसत. गोऱ्या साहेबालाही याचा त्रास होता, पण आपल्याइतका नव्हे. अशा प्लेटवर पेन्सिल न लावणे म्हणजे प्रामाणिकपणा, असे कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. यंत्राने केलेली चूक रिटचर दुरुस्त करत होता, आणि तेवढ्यापुरता त्याचा चेहरा प्लेटपेक्षा खरा होता.

मात्र पुढे प्लेट सुधारली आणि पेन्सिल तिथेच राहिली. यंत्राची चूक संपली तरी दुरुस्ती चालू. मग दुरुस्त व्हायला उरले कोण, तर समोर बसलेला माणूस.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना हे चटकन कळेल, कारण रंगाचे शब्द आपल्याकडे दुप्पट आहेत. मराठीत गोरा, निमगोरा, केतकी, गव्हाळ, सावळा, काळासावळा. माळव्यातल्या आपल्या शेजारणी गेहुँआ म्हणतात, साँवला म्हणतात. कानडीत एक फार सुरेख शब्द आहे, ‘एण्णेगेंपु’. एण्णे म्हणजे तेल, केंपु म्हणजे लाल. तेलाचा हात फिरवल्यासारखी तांबूस, तुकतुकीत कातडी. हा रंग ज्या भाषेने ओळखला तिचे डोळे तयार असले पाहिजेत. एवढ्या छटा बोलीत, आणि तसबिरीत मात्र एकच. आपण विठोबाला सावळा म्हणून आळवतो आणि मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवताना स्टुडिओवाल्याला सांगतो, ‘जरा उजळ काढा हं.’

त्या फोटोने काय होई ते कोणाला सांगायला नको. फोटो पसंत, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम; आणि मुलगी पोहे घेऊन बाहेर आली की समोरच्यांच्या चेहऱ्यावर फोटो आणि ती यांतला फरक उमटे. तो नकार फोटोने मिळवून दिलेला असे, आणि सोसायचा मुलीने. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली बाजारात आली आणि 2020 मध्ये तिने नावातला ‘फेअर’ गाळला. त्याच वर्षी लग्ने जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. नावे बदलली. उजळ काढण्याची विनंती बदलली का, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

दुसरे नुकसान याहून गुपचूप झाले. जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असे. रिटचरच्या पेन्सिलीला गोंदण आणि डाग यांतला फरक कळत नव्हता. तिला दोन्ही पारदर्शक ठिपकेच. कित्येक आज्या अशा गोंदणावाचून तसबिरीत गेल्या. पणतीने विचारले की आजीच्या कपाळावर काय होते, तर दाखवायला काही नाही. देवीच्या वणांचे म्हणाल तर मी जरा थांबतो. वण बुजवून घेण्यात त्या माणसाचीच इच्छा असेल, आरशात जे रोज पाहावे लागते ते भिंतीवर तरी नको, तर तिथे आपण न्यायाधीश होऊन बसू नये. पण ते ज्याचे त्याने सांगावे. रिटचरने परस्पर ठरवू नये.

धंद्यातली चांगली माणसे एक नियम पाळत आली आहेत: आठ दिवसांत जाणारे काढावे, जन्मभर राहणारे ठेवावे. पुटकुळी जाईल, तीळ राहील. जागरणाचे काळे जाईल, वयाची सुरकुती हलकी होईल पण पुसली जाणार नाही. हा नियम मला आवडतो, कारण तो डोळ्याने तपासता येतो. त्यात उणे एवढेच की रंगाबद्दल तो गप्प आहे. रंग हा डाग नव्हे, म्हणून तो ना जाणाऱ्यांत मोडतो ना राहणाऱ्यांत. आणि नियमाच्या या फटीतूनच सगळे गोरेपण आत शिरले.

होळकरांच्याच घरातली पुढची चित्रे यासाठी पाहण्यासारखी आहेत. यशवंतराव होळकर आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराजे (या कागलच्या घाटग्यांच्या, म्हणजे सीमाभागाला अगदी जवळच्या) यांचे फोटो 1930 च्या सुमारास मॅन रे याने काढले. मॅन रे रिटचिंगचा शत्रू मुळीच नव्हता. पॅरिसात व्यक्तिचित्रांवरच त्याचा चरितार्थ चाले आणि डार्करूममधल्या करामतींसाठी तर तो प्रसिद्ध. तरीही या फोटोंत दरबारी थाट बाजूला सारून दोघे एकमेकांना खेटून बसलेले, हसणारे जोडपे दिसते, आणि त्या हसण्याला कोणी धक्का लावलेला जाणवत नाही. संयोगिताराजे 1937 मध्ये, ऐन तारुण्यात गेल्या. आज त्या आपल्याला माहीत आहेत त्या बऱ्याच अंशी या फोटोंमुळे. त्याच सुमारास बर्नार बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांना रंगवले. एकदा युरोपीय पोशाखात, एकदा मराठा सरदाराच्या पांढऱ्या वेषात गादीवर बसलेले. चित्रकार श्रीमंतांचा आवडता, नजर गुळगुळीतपणाची, बोटे जरा जास्तच लांबट. खुशामत नाही असे कसे म्हणावे? पण खुशामत आकारात आहे. चेहरा आणि हात एकाच माणसाचे आहेत, आणि आमच्या ओसरीवरच्या तसबिरीला जे जमले नाही ते इथे जमले आहे.

याच इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर शिकले. माळव्याच्या उन्हात सावली नुसती काळी नसते, तिच्यात निळे-जांभळे असते, हे ती मंडळी उघड्यावर बसून शिकली. गावात अशी नजर तयार होत असताना गावातलेच स्टुडिओ सावलीला डाग समजून बुजवत होते, हा योगायोग मला मोठा विचित्र वाटतो.

रंगीत फोटो आला तेव्हा वाटले, आता तरी सुटका. झाले निराळेच. कोडॅक कंपनी लॅबना नमुन्यासाठी जे कार्ड पाठवी त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले. पुढे फिल्ममधल्या तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असे कोडॅकमधल्याच माणसांनी नंतर सांगितले. माणसांच्या तक्रारी त्याआधी कुठे गेल्या, कोण जाणे. मग आपोआप छापणारी यंत्रे आली. चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यावी, एवढेच त्या यंत्राला ठाऊक. नवरीने हिरवा शालू नेसला आणि निम्मी चौकट हिरवी झाली, की यंत्र तो हिरवेपणा मारायला जाई आणि नवरीचा चेहरा गुलाबी-जांभळा होऊन येई. समोर बसलेला माणूस जाणता असेल तर बटण दाबून तो हे सावरे. लग्नसराईत शेकडो प्रती निघत, तेव्हा कोण सावरतो! आपल्या कित्येक अल्बमांतल्या नवऱ्या या हिशेबाने गुलाबी आहेत, लाजेने नव्हे.

इथेही मग तेच म्हणावे लागते. शालूमुळे आलेला गुलाबी काढलाच पाहिजे. न काढणे हा आळस. पण तो काढून चेहरा नवरीच्या रंगावर आणायचा, तिच्या रंगापलीकडे नाही. तपासायला जवळच दोन साक्षीदार असतात. डोळ्याचे पांढरे आणि शालूची जर. ती दोन्ही ठीक दिसत असून चेहरा मानेपेक्षा उजळ असेल, तर कोणीतरी हात मारलेला आहे.

आता हा हात फोनमध्ये आहे. कातडी गुळगुळीत करण्याची सोय कित्येक फोनांत आधीच चालू केलेली मिळते, आणि बोट टेकवायच्या आधीच पडद्यावरचा चेहरा धुऊन निघालेला असतो. यात हातही सुटत नाहीत. फोन हवे तर तेही उजळतो, म्हणजे माझी सुरुवातीची युक्ती पुढच्या पिढीला उपयोगी पडेल असे नाही. जुना रिटचर निदान माणूस होता. त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून हुज्जत घालता येई. आणि कामात मुरलेला असेल तर तो पेन्सिल उचलण्याआधी चष्म्यावरून पाहून विचारी, ‘बाई, हनुवटीवरचा तीळ ठेवायचा ना?’