धान्य की चाळणी?

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या विकाराला ऑटोइम्यून यकृतदाह म्हणतात. कोरियातील अशा रुग्णांची वर्णने वाचताना आम्हांला एक शंका येते. बहुसंख्य स्त्रिया, रक्तात स्वतःच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे, वाढलेले आयजीजी ही वैशिष्ट्ये त्यांत सांगितलेली असतात. परंतु निदानाच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत या तिन्ही गोष्टींना गुण होते! ज्या चाळणीने रुग्ण निवडले, तिचाच आकार निष्कर्षात उमटला तर नवल कसले?

विषाणूजन्य यकृतदाह नसण्यालाही गुण असतात. कोरियात हेपटायटिस-बी दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर होता. सर्व नवजात बालकांचे लसीकरण १९९५ मध्ये सुरू झाले. तेव्हा दोन्ही विकार असलेला रुग्ण गणतीतून गळणे तिथे अधिक संभवते. हे केवळ आकड्यांचे प्रकरण नाही. वेळीच निदान झाले तर प्रेडनिसोलोनने बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. न झाल्यास सिऱ्होसिसची भीती.

एक फरक मात्र खरा वाटतो. युरोपीय रुग्णांत डीआर-३ आणि डीआर-४ हे दोन्ही जनुकप्रकार आढळतात, कोरियात मुख्यतः डीआर-४. गुणपद्धतीत दोन्हींना गुण सारखेच होते. म्हणजे हा फरक चाळणीचा नव्हे.

कोणताही तक्ता वर्गात मांडताना आधी विचारावे: यात कोणाला घेतले, कोणाला वगळले?