‘ऊर्ध्व’ आणि ‘वर’ : शारीर परिभाषेतील एका दिशेचे परीक्षण

वैद्यकीय परिभाषेची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली विच्छेदनगृहात, तेथे शब्दाने अवयव अचूक दाखवावा लागतो. दुसरी रुग्णाच्या खाटेशी. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावाहून रुग्णाला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणले जाते, तेव्हा त्याच्या नातलगांचा शब्द आणि वैद्याचा शब्द यांची गाठ पडते. शरीरातील वरची दिशा सांगणारा ‘ऊर्ध्व’ हा शब्द या दोन्ही परीक्षांना कितपत उतरतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्राचीन वैद्यकात ‘ऊर्ध्व’ बहुधा गतीच्या अर्थाने येतो. सुश्रुताने नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या सांगितल्या; त्यांपैकी दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या व चार तिरप्या. चरकाने रक्तपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग असे भेद केले आणि साध्यासाध्यता व चिकित्सा त्यांवर ठरविली : ऊर्ध्वगास विरेचन, अधोगास वमन. स्थानाच्या अर्थानेही हा शब्द येतो. मात्र ‘ऊर्ध्वजत्रुगत’ म्हणजे जत्रूच्या वर असलेले, असे म्हणताना वर म्हणजे कशाच्या वर, हे समासातच सांगितलेले असते. ‘ऊर्ध्व’ हे पद तेथे एकाकी सोडलेले नाही.

आधुनिक परिभाषेत ते तसे सुटले, आणि घोटाळा तेथे सुरू झाला. हृदयात अशुद्ध रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांना मराठीत ‘ऊर्ध्व महानीला’ व ‘अधो महानीला’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथे ‘ऊर्ध्व’ केवळ स्थान दाखवितो. प्रत्यक्षात ऊर्ध्व महानीलेतील रक्त मस्तक व बाहू यांकडून खाली वाहते, आणि अधो महानीलेतील रक्त वर चढते. ज्या विद्यार्थ्याच्या मनात ‘ऊर्ध्वग’ मुरला आहे, तो दोन्ही प्रवाह उलटे समजण्याचा संभव आहे. याउलट ‘आरोही महारोहिणी’ किंवा ‘आरोही बृहदांत्र’ ही नावे निर्दोष होत. गती दाखवायची तेथे त्यांत गतिवाचक धातूच योजिला आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘सुपीरिअर’ हा तुलनावाचक आहे; त्याचा अर्थ ‘अधिक वरचा’. गणनाथ सेन यांनी आपल्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथात ‘उत्तरा महासिरा’ असा पर्याय दिला. ‘उत्तर’ हेही ‘उद्’ पासून साधलेले तुलनावाचक रूप असल्याने व्याकरणदृष्ट्या त्याहून नेमका शब्द सापडणे कठीण. परंतु मराठी वाचकाला ‘उत्तर’ म्हणजे एक तर दिशा, नाहीतर जबाब. शिवाय शारीरशास्त्रातील ‘वर’ म्हणजे मस्तकाच्या बाजूस. रुग्ण उताणा निजला तरी ही दिशा बदलत नाही. आढ्याकडची बाजू तेव्हा पोटाची असते. ‘ऊर्ध्व’ या शब्दातून हा भेद व्यक्त होत नाही.

खाटेशी होणारी परीक्षा याहून कठीण आहे. चरकाने सांगितलेल्या पाच श्वासांपैकी ऊर्ध्वश्वास हा मारक होय. त्याचीच स्मृती ‘ऊर्ध्व लागणे’ या मराठी वाक्प्रचारात टिकली आहे. त्याचा अर्थ अखेरची घरघर. ज्या भाषेत ‘ऊर्ध्व’ म्हटले की घरातील माणसे गंगाजळ आणावयास धावतात, त्या भाषेत रुग्णापुढे तो शब्द निव्वळ दिशावाचक म्हणून उच्चारणे अविचाराचे ठरेल.

लोकभाषेतला शब्द ‘चढणे’ हा आहे. ताप चढतो, सूज चढते, विष चढते. हे चढणे नेहमी मस्तकाकडेच असते असे नाही. हात डोक्यावर धरला आणि बोटाला सर्पदंश झाला, तरी विष ‘चढते’च म्हणतात, मग ते जमिनीच्या दिशेने सरकत का असेना. म्हणजे येथे ‘वर’ याचा अर्थ अवयवाच्या टोकाकडून धडाकडे असा आहे, आणि शारीरशास्त्र यासाठी ‘समीपस्थ’ ही वेगळी संज्ञा योजते. लोकभाषेची ही जाण सूक्ष्म आहे; पण तिच्यात धोकाही आहे. विष नळीतून चढणाऱ्या पाण्यासारखे कल्पिले की दंशाच्या वर करकचून दोरी बांधण्याची बुद्धी होते. रक्तप्रवाह तुटून अवयव कुजण्याचे भय त्यात असते. म्हणूनच आजचे वैद्यक अवयव न हालविता रुग्णास त्वरित प्रतिविष मिळेल तेथे न्यावयास सांगते. तरीही ‘सूज कुठवर चढली?’ या प्रश्नाला पोशेऱ्याचा शेतकरी बोट ठेवून उत्तर देऊ शकतो. ‘ऊर्ध्व दिशेने शोथ आहे काय?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

संस्कृतनिष्ठ संज्ञांमुळे भारतीय भाषांत एकरूपता राहते, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय 1960 साली व केंद्राचा शब्दावली आयोग 1961 साली स्थापन झाला, तेव्हापासून हा विचार बलवत्तर आहे. पण एकरूपतेसाठी अर्थाची सरमिसळ सोसण्याचे कारण नाही. स्थानासाठी ‘वरचा’ किंवा ‘शीर्षाभिमुख’, मार्गासाठी ‘आरोही’, अवयवाच्या मूळाकडील बाजूसाठी ‘समीपस्थ’ आणि रुग्णाशी बोलताना ‘चढणे’ अशी विभागणी केल्यास कोणत्याच शब्दावर अतिरिक्त भार पडणार नाही. ‘ऊर्ध्व’ मात्र प्राचीन ग्रंथांच्या अध्ययनापुरता, त्याच्या मूळच्या समासांतच राहू द्यावा.