काकूंच्या घरचा भात

इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचें थडगें’ हा १९८८ चा जपानी चित्रपट परभणीस आम्हीं घरच्या मंडळींसह पाहिला. हातानें रेखाटलेलीं चित्रें म्हणून मुलांसहि जवळ बसविलें, हें आमचें चुकलेंच. १९४५ सालीं कोबे शहरावर अग्निवर्षाव होतो, आई जाते, आणि सेइता व चार वर्षांची सेत्सुको हीं भावंडें उघड्यावर पडतात. भाऊ मरणार हें पहिल्याच प्रसंगीं कळतें. तरीहि पुढें डोळे कोरडे राहत नाहींत.

आमच्याकडे रडें आलें तें मात्र बाँब पडतांना नव्हे. आश्रय देणाऱ्या दूरच्या काकू मृत आईचीं वस्त्रें तांदळासाठीं विकवितात, आणि मग घरच्यांस भात वाढून या मुलांस पेज देतात, तेथें. १९७२ च्या दुष्काळांत मिलोवर दिवस काढलेल्या आमच्या वडील भगिनी त्या वेळीं उठून आंत गेल्या. काकू दुष्ट नाहींत. राबणाऱ्यांस आधीं, हा त्यांचा न्याय आपल्याहि स्वयंपाकघरांत चालत आला आहे. हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असें ताकाहाता वारंवार सांगत, तें आम्हांस येथें पटलें. सेत्सुकोचा गोळ्यांचा रिकामा डबा पाहून धाकट्यानें एवढेंच विचारलें, “काकू त्यांना शोधायला कां नाहीं गेल्या?”