हुकूमशाही आणि मतपेटी : हैदराबाद संस्थानाचा दाखला

हुकूमशाही राजवटीतील निवडणूक हा निव्वळ देखावा असतो, हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे वाटते. केवळ देखाव्यासाठी राज्यकर्ता एवढा खटाटोप का करील? हदगावसह मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. निजाम सरकारने १९३९ मध्ये जाहीर केलेल्या अय्यंगार सुधारणांनुसार १९४६ मध्ये विधिमंडळाच्या निवडणुका घेतल्या. प्रतिनिधित्व प्रदेशाऐवजी व्यवसायगटांना होते. हिंदू बहुसंख्य असूनही हिंदू व मुसलमानांना समान जागा होत्या. अंतिम सत्ता निजामाकडेच राहणार होती. उत्तरदायित्व न पत्करता प्रजेची संमती मिळविणे, हाच या रचनेचा हेतू दिसतो. स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकून नेमकी ती संमतीच नाकारली.

याउलट, मार्च १९७७ मध्ये आणीबाणी लागू असतानाच मतदान झाले आणि पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या. येथे सहभागच परिणामकारक ठरला. कारण मतदार सरकार बदलू शकत होता.

सारांश, निवडणूक झाली की नाही यापेक्षा तिच्यातून सत्तांतर संभवते काय, हाच खरा निकष होय. बहिष्कार की सहभाग, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सामावलेले आहे.