‘स्वीत फ्रांसेझ’मधील गांव

परकीय सैन्य गांवांत उतरलें म्हणजे गांवाचें काय होतें, हें इतिहासकार सनावळीनें सांगतो. कादंबरीकारास तें माणसांच्या मनांत शिरून सांगावें लागतें. इरेन नेमिरोव्स्की या लेखिकेनें ‘स्वीत फ्रांसेझ’च्या ‘दोल्चे’ नामक दुसऱ्या भागांत हेंच साधलें आहे. बर्गंडींतील इसी-लेव्हेक या लहानशा गांवीं ती पति व दोन मुलींसह आश्रयास राहिली होती. कादंबरींतील ब्युसी गांवावर त्याचीच छाया आहे.

१९४१ सालीं जर्मन पलटण ब्युसीस येते. युद्धकैद्याची पत्नी ल्युसील व तिची करारी सासू यांच्या घरीं एक अधिकारी उतरतो. सासू त्याच्याशीं अबोला धरते. सुनेचें मन मात्र त्या संगीतज्ञ शत्रूकडे ओढ घेऊं लागतें. पुढें एक शेतकरी दुसऱ्या एका जर्मन अधिकाऱ्यास ठार करतो, आणि त्याला लपविण्याची पाळी याच घरावर येते. त्या शेतकऱ्यावर हें संकट ओढवतें तें गांवच्या जमीनदार घराण्याच्या वैरामुळें! शत्रूस माणूस म्हणून रंगवितांना लेखिकेनें स्वकीयांस देव केलें नाहीं, हा या कृतीचा मोठा गुण होय.

पण येथेंच एक उणीव सलते. लेखिका स्वतः ज्यू. तरी ज्यूंच्या छळाविषयीं कादंबरी जवळजवळ मूक आहे. योजिलेल्या पांच भागांपैकीं दोनच पुरे झाले, हें खरें. परंतु लेखिकेच्या करुण अंताकडे पाहून ही उणीव झांकणें रसिकतेस शोभणार नाहीं.

तो अंत मात्र कादंबरीच्या प्रतिपादनास विलक्षण पुष्टि देतो. १३ जुलै १९४२ रोजीं इसी-लेव्हेक येथें तिला पकडून नेलें, तें जर्मन सैनिकांनीं नव्हे, फ्रेंच शिपायांनीं. १७ ऑगस्ट रोजीं आउश्विट्झ येथें ती मरण पावली. नोव्हेंबरांत तिच्या पतीचाहि तेथेंच अंत झाला. मुलींनीं जपलेलें हस्तलिखित २००४ सालीं प्रसिद्ध झालें व त्यास रेनोदो पारितोषिक मिळालें.

आपल्या घरीं उतरलेला परका किती परका, आणि शेजारीं राहणारा आपला किती आपला? ब्युसीनें विचारलेल्या या प्रश्नाचें उत्तर अखेर इसी-लेव्हेकनें दिलें. हें ध्यानीं ठेवून वाचणाऱ्यास ‘दोल्चे’ नुसती प्रेमकथा वाटणार नाहीं.